सील तुटलेला डबा आणि न दिलेलं बिल

प्रश्न : सीताबर्डीतल्या दुकानातून मुलाने प्रोटीन पावडर आणि ‘हाडांसाठी’ गोळ्या आणल्या. डब्याचं आतलं सील तुटलेलं निघालं. दुकानदार बिल देईना, माल परतही घेईना. काय करावं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा. ‘विकलेला माल परत नाही’ ही पाटी इथे चालत नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद कामी येते.

ती पावडर वापरू नका. डब्यावर 14 अंकी एफएसएसएआय परवाना क्रमांक हवा, विदेशी असेल तर आयातदाराचा पत्ताही. नसेल तर अन्न व औषध प्रशासनाला कळवा.

मला खरी काळजी गोळ्यांची वाटते; ‘हाडांसाठी’ म्हणून दिलेल्या गोळ्यांत ड जीवनसत्त्व असू शकतं. ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची गोळी डॉक्टर सहसा आठवड्याला एक देतात. काउंटरवरच्या सल्ल्याने ती रोज घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. (नागपूरच्या उन्हातही कमतरता असते, पण ती रक्ततपासणीने ठरते, दुकानात नाही.) पाकिटावरचं प्रमाण वाचा. मुलाला मळमळ किंवा सारखी तहान असेल, तर गोळ्या थांबवून आजच डॉक्टरांना दाखवा.