चार पट्ट्या पडतात केवढ्याला?

बारावीचा निकाल लागला की मर्चंट नेव्हीच्या जाहिरातींना ऊत येतो. पांढरा गणवेश, खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या आणि खाली डॉलरमधला पगार. पगाराचा आकडा बहुतेक वेळा खरा असतो, पण तो कप्तानाचा असतो. कप्तान व्हायला बारावीनंतर साधारण बारा ते पंधरा वर्षं जातात. त्या वर्षांत पैसे कोणत्या क्रमाने सोडायचे, हे घरच्यांनी आधीच ठरवून घ्यावं.

पहिला खर्च डोळ्यांचा. नौवहन महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. हजार-दोन हजारांत काम होतं. डेक शाखेसाठी, म्हणजे कप्तानाच्या वाटेसाठी, चष्म्याशिवाय 6/6 नजरेची अपेक्षा असते आणि रंगांधळेपणाला सूट नाही. डॉक्टर रंगीत ठिपक्यांची पानं समोर धरतो आणि त्यात लपलेला आकडा वाचायला सांगतो. हा खेळ नव्हे. रात्री समोरच्या जहाजाचा लाल दिवा दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे, हिरवा दिसला तर उजवी. तिथे चूक म्हणजे टक्कर. तरीही क्लासची फी आधी आणि डोळे नंतर, असा उलटा कारभार अनेक घरांत चालतो. चष्मा असेल तर इंजिन शाखेत तो ठरावीक नंबरापर्यंत चालतो. मात्र त्या वाटेने चीफ इंजिनिअर होता येतं, कप्तान नाही.

बारावीला भौतिक, रसायन, गणित मिळून 60 टक्के आणि इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला 50 टक्के हवेत. पुढे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी. मग दोन वाटा: तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स, किंवा एक वर्षाचा डीएनएस डिप्लोमा आणि त्यानंतर दीड वर्ष कॅडेट म्हणून समुद्रावर. विद्यापीठाच्या स्वतःच्या कॅम्पसमध्ये (आपल्याकडे नवी मुंबईत, जुनं टी. एस. चाणक्य) वर्षाचे साधारण सव्वादोन लाख धरून चाला. तळेगाव, लोणावळा, कर्जत या पट्ट्यातल्या खासगी संस्थांत डीएनएसचा आकडा वसतिगृहासह चार लाखांपासून वर कितीही जातो.

पण फीपेक्षा मोलाचा कागद वेगळाच: स्पॉन्सरशिप लेटर. एखादी जहाज कंपनी ‘प्रशिक्षणानंतर याला आम्ही बोटीवर घेऊ’ असं लिहून देते, ते हे पत्र. ते हातात नसेल तर डिप्लोमा असूनही मुलगा घरी बसतो, कारण समुद्रावरचे महिने भरल्याशिवाय पुढची परीक्षाच देता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पत्राशिवाय खासगी संस्थेत पाच-सात लाख भरू नयेत. ‘प्लेसमेंट असिस्टन्स’ हे शब्द म्हणजे स्पॉन्सरशिप नव्हे.

कर्ज काढणाऱ्यांनी इथे गणित मांडावं. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. डीएनएसवाला तेव्हा अजून कॅडेटच असतो, महिन्याला तीन-चारशे डॉलर मिळवणारा, डेकवर गंज खरवडणारा. त्यानंतर मुंबईत खोली घेऊन सेकंड मेट या अधिकारीपदाच्या पहिल्या परीक्षेची तयारी, सक्तीचे छोटे कोर्स, लेखी आणि तोंडी परीक्षा. तोंडीत परीक्षक जहाजांच्या दिव्यांची चित्रं पुढे टाकतो आणि ‘आता काय करशील?’ विचारतो. अडखळला तर पुन्हा तयारी, पुन्हा भाडं. हे सगळे महिने बिनपगारी. म्हणून फीखेरीज किमान वर्षभराच्या खर्चाची आणि हप्त्यांची सोय बाजूला ठेवा. अशीच बिनपगारी सुट्टी पुढे चीफ मेट आणि मास्टर (म्हणजे कप्तान) यांच्या परीक्षांनाही घ्यावी लागते.

मास्टरचं सर्टिफिकेट मिळण्यासाठी एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारानुसार वॉच सांभाळणारा अधिकारी म्हणून 36 महिने समुद्रावर भरावे लागतात. त्यात 12 महिने चीफ मेटचे असतील तर 24 पुरतात. परदेशी झेंड्याच्या जहाजावर थर्ड ऑफिसरला महिन्याला दोन हजार डॉलरच्या पुढे-मागे मिळतात, कप्तानाला आठ ते बारा हजार, टँकरवर जास्त. बाराने गुणू नका. बहुतेक वेळा पगार बोटीवरच्या महिन्यांचाच असतो आणि सरकारी नोकरीसारखी पेन्शनही नसते.

एजंटांबद्दल थोडक्यात. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून वा अधिकाऱ्याकडून पैसे घेणं बेकायदा आहे. भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ‘अमुक लाख द्या, सहा महिन्यांत बोट’ म्हणणारे भेटतात. त्यांना परवाना क्रमांक विचारा, बोलणं तिथेच आटोपतं.

कराचा फायदा खरा आहे, पण आपोआप मिळत नाही. आर्थिक वर्षात भारतातलं वास्तव्य 182 दिवसांपेक्षा कमी असेल तर अनिवासी दर्जा मिळतो. परदेशी प्रवासाच्या जहाजावरचा पगार परकीय चलनात एनआरई खात्यावर आला तर त्यावर इथे कर नाही. दिवस मोजले जातात ते सीडीसी या खलाशाच्या नोंदपुस्तकातल्या साइन ऑन, साइन ऑफच्या तारखांवरून, तेव्हा त्या पानांच्या प्रती घरी ठेवा. भारताच्याच किनाऱ्यावर फिरणाऱ्या जहाजांना हे लागू नाही.

शेवटचा खर्च रुपयांत मांडता येत नाही. 2007 साली दक्षिण कोरियात नांगरून उभ्या असलेल्या ‘हेबेई स्पिरिट’ टँकरवर भरकटलेला क्रेनचा तराफा आदळला, तेल सांडलं आणि भारतीय कप्तान व चीफ ऑफिसर 2009 पर्यंत तिथेच अडकले. मध्ये तुरुंगही झाला. 2020 साली मॉरिशसजवळ प्रवाळावर चढलेल्या ‘वाकाशिओ’च्या भारतीय कप्तानाला 20 महिन्यांची शिक्षा झाली. म्हणून करारावर सही करताना पगारासोबत एवढं विचारा: अपघात झाला तर वकिलाचा खर्च कोण करणार, आणि अडकून पडलो तर पगार चालू राहणार का? उत्तर लेखी घ्या.