सेवायोजन कार्यालयात सल्लागार किती असावेत?

1 नोव्हेंबर 1956 रोजी धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. योगायोग असा की, देशातील सेवायोजन कार्यालयांचा दैनंदिन कारभारही त्याच दिवशी केंद्राकडून राज्यांकडे आला. 1945 साली युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी सुरू झालेली ही सेवा 1948 मध्ये सर्वांना खुली झाली होती. उमेदवारांची नावे नोंदवून मागणीप्रमाणे पाठविणे हे तिचे मुख्य काम. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत त्यास व्यवसाय मार्गदर्शनाची जोड मिळाली आणि कर्मचाऱ्यांच्या संख्येचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात पुढे आला.

नोंदणीस पाच मिनिटे पुरतात. 2015 साली राष्ट्रीय करिअर सेवा सुरू झाल्यापासून ती संगणकावरही होते. म्हणून आता माणसे कमी लागतील, असे मानणे चुकीचे ठरेल. एक दिवसाची मजुरी बुडवून कलघटगीहून हुबळीस येणाऱ्या आय.टी.आय. उत्तीर्ण तरुणाला नोंदणी क्रमांक नको असतो. रेल्वे कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीसाठी थांबावे की मिळेल ते काम धरावे, हा त्याचा प्रश्न असतो. त्यास अर्धा तास तरी द्यावयास हवा.

हिशेब करून पाहू. रोज सहा तास मुलाखती घेणारा सल्लागार बारा जणांस भेटेल. वर्षातील 240 दिवसांत 2,880 भेटी होतील. प्रत्येकास तीन भेटी दिल्यास उमेदवार उरले 960. आठवड्यातील दोन दिवस कारखानदारांकडे जाण्यासाठी राखले, तर 576 च. हे दोन दिवस मात्र वाचवू नयेत. रिक्त जागांची माहिती टेबलाशी बसून मिळत नाही.

जर्मनीत निर्वाह-साहाय्य घेणाऱ्यांसाठी पंचवीस वर्षांखालील 75 जणांमागे एक व त्यापुढील वयाच्या 150 जणांमागे एक कर्मचारी, असे प्रमाण कायद्यात नमूद आहे. तेथे 2007 पासून चौदा कार्यालयांत सल्लागार वाढविण्यात आले. बेरोजगारीचा काळ घटला आणि भत्त्यांत झालेल्या बचतीतून वाढीव पगाराचा खर्च सुमारे दहा महिन्यांत भरून निघाला.

आपल्याकडे असा भत्ता सर्वत्र नाही, त्यामुळे ही बचत जमाखर्चात दिसणार नाही, असा आक्षेप निघेल. तो काही अंशी खरा आहे. परंतु कर्नाटकाने जानेवारी 2024 पासून ‘युवा निधी’ योजनेत बेरोजगार पदवीधरांना दरमहा 3,000 व पदविकाधारकांना 1,500 रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे, देण्यास आरंभ केला. तेव्हा धारवाड जिल्ह्यापुरता तरी हा हिशेब मांडता येईल. पदांचा प्रस्ताव पाठविताना नोंदणीच्या आकड्याशेजारी मुलाखतींच्या तासांचा रकाना ठेवावा.