लहान पडद्यावरील नागरिक आणि शासकीय संकेतस्थळ

गावच्या चावडीवर सूचना लावताना ती कोणत्या उंचीवर लावावी, अक्षर किती मोठे असावे, याचा विचार अनुभवी ग्रामसेवक कोणी न सांगता करीत असे. सूचना लावली एवढ्याने काम संपत नाही. ती वाचता आली पाहिजे, हे त्याला ठाऊक होते. आज चावडीच्या जोडीला संकेतस्थळ आले आहे. योजनेचे नियम, अर्जाचा नमुना, लाभार्थ्यांची यादी, अर्जाची शेवटची तारीख हे सारे तेथे प्रसिद्ध होते. परंतु पुष्कळदा हे संकेतस्थळ कार्यालयातील मोठ्या संगणकावर तयार होते, तेथेच तपासले जाते आणि तेथेच त्याला मंजुरी मिळते. ते वाचणारा शेतकरी, पालक किंवा निवृत्तिवेतनधारक मात्र ते तळहाताएवढ्या मोबाइलवर उघडतो. तक्त्याचा उजवा भाग पडद्याबाहेर राहतो आणि शेवटची तारीख नेमकी त्याच भागात असते. कागदोपत्री माहिती प्रसिद्ध झालेली असते. ज्याच्यासाठी ती होती त्याच्यापर्यंत ती पोहोचलेली नसते.

हा दोष टाळण्याचे एक निश्चित शास्त्र गेल्या काही वर्षांत विकसित झाले आहे. त्याला रिस्पॉन्सिव्ह डिझाइन, म्हणजे पडद्याच्या मापाप्रमाणे आपली मांडणी बदलणारी रचना, असे म्हणतात. संकेतस्थळ तयार करणे हे तंत्रज्ञाचे काम असले, तरी ते कसे असावे हे ठरविणे आणि झालेले काम पारखून घेणे ही जबाबदारी अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांची आहे. त्या दृष्टीने या शास्त्राची मूलतत्त्वे येथे मांडली आहेत.

कागदाची सवय

छापील पानाची रुंदी छापखान्यातच ठरते. संकेतस्थळाच्या पानाचे तसे नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हापासूनच तिच्या पानावरील मजकूर खिडकीच्या रुंदीप्रमाणे ओळी मोडत वाहत जाई. पुढे मात्र मांडणी करणाऱ्यांनी कागदाची सवय वेबवर आणली. पानाची रुंदी पिक्सेलच्या ठराविक संख्येने बांधली जाऊ लागली. आधी ६४०, मग ८००, मग ९६०. ‘हे संकेतस्थळ अमुक मापाच्या पडद्यावर उत्तम दिसेल’ अशी ओळ अनेक पानांच्या तळाशी दिसू लागली. पडद्याशी जुळवून घेण्याचे काम अशा रीतीने वाचकावर टाकले गेले.

या पद्धतीला प्रश्न करणारा एक महत्त्वाचा लेख ऑस्ट्रेलियातील जॉन ऑलसॉप यांनी २००० मध्ये लिहिला. पानाच्या मापावर नियंत्रण असणे ही छापील माध्यमाची मर्यादा आहे, तिला गुण समजून वेबवर लादू नये, असा त्यांचा विचार होता. २००७ मध्ये आयफोन बाजारात आला आणि हा प्रश्न तातडीचा झाला. त्या मोबाइलचा पडदा उभा धरला असता ३२० पिक्सेल रुंद होता. परंतु त्यातील ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असे गृहीत धरून ते आक्रसून दाखवी. म्हणजे पान सुमारे एकतृतीयांश होई आणि १६ पिक्सेलचे अक्षर जेमतेम ५ पिक्सेलचे दिसे. बोटांनी पान मोठे करावे, एक ओळ वाचावी, पान सरकवावे, पुन्हा मागे यावे, असा तो व्यायाम होता.

त्यावर अनेक संस्थांनी मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळ काढण्याचा उपाय केला. पण एकाच माहितीची दोन दप्तरे ठेवली की काय होते, हे कोणत्याही कारकुनाला सांगावे लागत नाही. एका जागी तारीख बदलते, दुसऱ्या जागी राहून जाते. शिवाय मोबाइल आणि संगणक यांच्या दरम्यानच्या मापांची नवनवी साधने येतच राहिली. प्रत्येकासाठी वेगळे संकेतस्थळ काढणे अशक्य होते.

रचनेची तीन अंगे

मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकारांनी ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेबविषयक नियतकालिकात या प्रश्नाचे सुसूत्र उत्तर मांडले. मजकूर एकच, पत्ता एकच. फक्त मांडणी पडद्याप्रमाणे बदलावी. त्यासाठी त्यांनी तीन अंगे सांगितली.

पहिले अंग म्हणजे प्रमाणबद्ध स्तंभ. स्तंभाची रुंदी पिक्सेलमध्ये न सांगता शेकडेवारीत सांगावयाची. समजा, ९६० पिक्सेलच्या पानावर मुख्य मजकुराचा स्तंभ ६४० पिक्सेलचा आहे. ६४० भागिले ९६०, म्हणजे ६६.६७ टक्के. उरलेला ३३.३३ टक्क्यांचा स्तंभ बाजूच्या दुव्यांसाठी. आता पडदा मोठा असो वा लहान, दोन्ही स्तंभ त्याच प्रमाणात वाढतात किंवा आकसतात.

दुसरे अंग म्हणजे लवचिक चित्रे. चित्राची कमाल रुंदी त्याच्या चौकटीच्या शंभर टक्क्यांहून अधिक होऊ नये, एवढा एक नियम लिहिला की चित्र पडद्याबाहेर जात नाही. पुढे एकाच चित्राच्या लहानमोठ्या प्रती ठेवून योग्य ती प्रत ब्राउझरने निवडावी अशीही सोय झाली. जेथे मोबाइलचे जाळे क्षीण असते, तेथे हा भेद महत्त्वाचा ठरतो. मोठे चित्र केवळ लपविले, तरी ते सामान्यतः मोबाइलवर उतरतेच आणि नागरिकाचा डेटा खर्च होतोच.

तिसरे अंग म्हणजे अट. वरील उदाहरणातील पान ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर नेले, तर दोन स्तंभ अनुक्रमे २४० व १२० पिक्सेलचे होतील. १२० पिक्सेलच्या स्तंभात ‘जिल्हाधिकारी’ हा एक शब्दही दाटीवाटीने बसेल. येथे प्रमाण पुरत नाही, मांडणीच बदलावी लागते. म्हणून ‘पडदा इतक्या रुंदीहून मोठा असेल तरच दोन स्तंभ शेजारी ठेवा, एरवी एकाखाली एक ठेवा’ अशी अट मांडणीच्या नियमांत लिहितात. तिला मीडिया क्वेरी म्हणतात. वेबची मानके ठरविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१२ मध्ये तिला अधिकृत मान्यता दिली. याच्या जोडीला, पान आक्रसू नये आणि पडद्याची खरी रुंदी धरावी, अशी एक सूचना पानाच्या आरंभी द्यावी लागते. ती विसरली तर बाकीचे श्रम मोबाइलवर वाया जातात.

आरंभ लहान पडद्यापासून

मोठ्या पडद्यासाठी पान तयार करून मग ते कापत आणणे ही स्वाभाविक वाटणारी पण चुकीची वाट आहे. ल्यूक रोब्लेव्स्की यांनी २०११ मधील आपल्या पुस्तकात याच्या उलट क्रम सुचविला : प्रथम मोबाइलचे पान रचा, मग मोठ्या पडद्याकडे जा. लहान पडद्यावर जागा थोडी असल्यामुळे आधी काय आणि नंतर काय हा निर्णय टाळता येत नाही. मान्यवरांची छायाचित्रे, सरकत्या पट्ट्या व शुभेच्छासंदेश वर ठेवावेत की अर्जाचा दुवा, याचे उत्तर द्यावेच लागते. म्हणून हे शास्त्र वरवर मांडणीचे असले, तरी मुळात ते अग्रक्रम ठरविण्याचे आहे.

ब्रिटिश शासनाचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. तेथे ‘गव्ह डॉट यूके’ हे संकेतस्थळ ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाले आणि नागरिक व व्यावसायिक यांच्यासाठी असलेल्या दोन जुन्या संकेतस्थळांची जागा त्याने घेतली. नागरिकाची गरज काय येथून आरंभ करावा, हे त्याच्या रचनेचे पहिले तत्त्व होते. पाने साधी, चित्रे मोजकी आणि मांडणी पडद्याप्रमाणे बदलणारी ठेवण्यात आली. दिसण्यात इतक्या साध्या संकेतस्थळाला लंडनच्या डिझाइन म्युझियमने २०१३ चा सर्वोत्कृष्ट रचनेचा सन्मान दिला. साधेपणा हाही विचारपूर्वक केलेल्या रचनेचा गुण असतो, हे त्यावरून दिसते.

तक्ता आणि कागदाची प्रत

शासकीय माहितीत परिच्छेदांपेक्षा तक्ते अधिक असतात आणि लहान पडद्यावर तक्त्याइतके अवघड दुसरे काही नाही. लाभार्थ्यांच्या आठ रकान्यांच्या यादीचे उदाहरण घ्या. ती आक्रसली तर वाचता येत नाही. तशीच ठेवली तर संपूर्ण पान आडवे सरकू लागते. यावर दोन चांगले उपाय आहेत. रकाने एकमेकांशी ताडून पाहावयाचे असतील, तर केवळ तक्ता आपल्या चौकटीत आडवा सरकावा आणि नावाचा पहिला रकाना जागेवर स्थिर राहावा. प्रत्येकाला फक्त स्वतःची ओळ पाहावयाची असेल, तर लहान पडद्यावर प्रत्येक ओळीची स्वतंत्र चिठ्ठी करावी व रकान्याचे शीर्षक प्रत्येक नोंदीजवळ पुन्हा लिहावे.

याहून मोठी अडचण स्कॅन करून ठेवलेल्या कागदांची आहे. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. मोबाइलचा पडदा सुमारे ७० मिलिमीटर धरला, तर संपूर्ण पान दिसताना अक्षर एकतृतीयांश होते. १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे. अशा प्रतिमेतील ओळी पडद्याप्रमाणे मोडत नाहीत, त्यातील शब्द शोधता येत नाहीत आणि अंध व्यक्तीसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या साधनाला ती प्रतिमा मुकीच राहते. स्वाक्षरीची प्रत अभिलेखासाठी अवश्य ठेवावी; पण तिच्यातील सार, पात्रता व तारखा पानावर मजकूर म्हणून लिहिल्याच पाहिजेत.

देवनागरीकडे विशेष लक्ष

इंग्रजी मजकुरावर तपासलेली मांडणी मराठीत जशीच्या तशी चालत नाही. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा व रफार आणि खाली उकार असतात. ओळींमधील अंतर कमी ठेवले, तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकारात अडकते. अक्षराच्या आकाराच्या दीडपट किंवा त्याहून थोडे अधिक अंतर ठेवणे हितावह असते. बटणाची उंची ठराविक संख्येने बांधली, तर हेच अवयव कापले जातात. मराठीतील सामासिक शब्द लांब असतात. ‘पाणीपुरवठाविषयक’ हा शब्द अरुंद रकान्यात कसा बसेल हे आधीच पाहावे लागते. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या खासगी टंकांत लिहिलेला मजकूर तो टंक नसलेल्या मोबाइलवर निरर्थक चिन्हांची रांग होऊन उमटतो.

कायद्याची बाजू

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी ठराविक माहिती स्वतःहून प्रसिद्ध करावयाची असते आणि तसे करताना स्थानिक भाषा व माहिती सहज मिळण्याची सोय यांचाही विचार करावयाचा असतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व तंत्रज्ञान सर्वांना वापरता येण्याची अपेक्षा आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये प्रथम आली व त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार, ३२० पिक्सेल रुंदीतही सामान्य मजकूर आडवे न सरकवता वाचता आला पाहिजे. संगणकावर १,२८० पिक्सेलचे पान चौपट मोठे केले असता नेमकी हीच रुंदी उरते. म्हणजे मोबाइलधारकासाठी केलेली सोय मंददृष्टी वृद्धालाही उपयोगी पडते. पान मोठे करण्याची सोय बंद करून टाकणारी संकेतस्थळे या दोघांवरही अन्याय करतात.

काम स्वीकारण्यापूर्वीची तपासणी

पुढील तपासणीसाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही.

१. संगणकावर पान उघडून खिडकीची कड हळूहळू आत ओढावी. कोठेही तळाशी आडवी पट्टी दिसू नये.

२. पान चौपट मोठे करून पाहावे. मजकूर एकमेकांवर चढू नये किंवा नाहीसा होऊ नये.

३. साध्या, कमी किमतीच्या मोबाइलवर, कार्यालयाचे वायफाय बंद करून, उन्हात उभे राहून पान उघडावे. मोबाइल आडवा करूनही पाहावे.

४. बटणे अंगठ्याने दाबून पाहावीत. शेजारचे बटण चुकून दाबले जात असेल, तर अंतर कमी आहे.

५. अर्ज आरंभापासून शेवटपर्यंत मोबाइलवरच भरावा. मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात अंकांचाच फलक उघडला पाहिजे.

६. संकेतस्थळाच्या कामाशी संबंध नसलेल्या व्यक्तीच्या हाती मोबाइल द्यावा व एखाद्या योजनेची शेवटची तारीख शोधण्यास सांगावे. तिला काही सुचवू नये. ती कोठे अडखळते ते फक्त टिपून घ्यावे.

या अटी कार्यादेशातच लिहिल्या आणि त्यांची पूर्तता झाल्यावरच देयक मंजूर केले, तर पुढील तक्रारी पुष्कळ अंशी टळतील. वरच्या इयत्तांच्या शिक्षकांनी पहिल्या दोन चाचण्या संगणकाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून करवून घेण्यासारख्या आहेत. शेकडेवारीचे गणितही त्यातून प्रत्यक्ष उमगेल.

या रचनेच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. क्लिष्ट भाषा ती सोपी करीत नाही आणि चाळीस रकान्यांचा अर्ज तिच्यामुळे चार रकान्यांचा होत नाही. ते काम माहिती लिहिणाऱ्याचे आणि नियम करणाऱ्याचे आहे. परंतु लिहिलेले ज्याच्या त्याच्या हातातील पडद्यावर नीट उमटेल, एवढी हमी ती देऊ शकते. जिच्याजवळ साधाच मोबाइल आहे आणि तालुक्याला जाण्यासाठी जिला एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते, त्या स्त्रीच्या दृष्टीने ही हमी लहान नाही. संकेतस्थळाला मंजुरी देताना आपल्या टेबलावरील पडदा क्षणभर बाजूला ठेवून तिच्या हातातील पडदा डोळ्यांसमोर आणावा.