जोडीचे बळ
अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीत ‘टॅग टीम’ असा एक प्रकार आहे. जोडीतील एक मल्ल लढतो. तो थकला की दोरीबाहेरील सोबत्याच्या हातास स्पर्श करून त्यास आत घेतो. या कुस्त्यांचे निकाल आधीच ठरलेले असल्याने आम्ही त्यांस नाट्यच समजतो. परंतु त्या नाट्यातही बोध आहे. हल्क होगन व रँडी सॅव्हेज यांची जोडी १९८७ साली जमली व १९८८ च्या ऑगस्टात तिने महाकाय आंद्रे व टेड डिबियासी यांस नमविले. पुढे कथानकात सॅव्हेजच्या मनी होगनविषयी मत्सर शिरला. १९८९ च्या फेब्रुवारीत ऐन लढतीत त्याने होगनला थप्पड मारली व तो निघून गेला. एप्रिलमध्ये होगनने त्याचे विजेतेपद जिंकले. ज्या हाताने साथ द्यावयाची, तोच उगारला गेला! जोडीचे बळ दंडांत नव्हे, विश्वासात असते.