पांढरा बर्फ आणि मुलांचे चेहरे

स्वच्छ उन्हात, पांढऱ्याशुभ्र बर्फावर काढलेले छायाचित्र राखेसारखे करडे का येते, हा प्रश्न बर्फाळ प्रदेशातून परतलेल्या बहुतेक हौशी छायाचित्रकारांना पडतो. दोष अर्थातच कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः कॅमेरा आपले काम चोख बजावीत असतो. फक्त समोर बर्फ आहे, हे त्याला ठाऊक नसते.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूवरून परावर्तित झालेला प्रकाश मोजतो, आणि समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. असा करडा रंग आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवतो. याची प्रचीती घ्यायची तर प्रयोग सोपा आहे. ड्रॉइंगचा एक पांढरा कागद आणि एक काळा कार्डबोर्ड घ्या, प्रत्येकाने चौकट पूर्ण भरेल असे स्वयंचलित मापनावर दोन फोटो काढा. दोन्ही जवळजवळ सारखेच करडे निघतील. मी हा प्रयोग वसतिगृहाच्या गच्चीवर केला, तेव्हा मित्रांना कोणता फोटो कशाचा हे ओळखता आले नाही.

ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परावर्तित करतो. मापक त्याला खाली ओढून १८ वर आणतो. म्हणून आपण उलट दिशेने जायचे. एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट, म्हणजे १८ चे ३६. आणखी एक वाढवला की ७२. दोन स्टॉपमध्ये बर्फ पुन्हा पांढरा होतो. डिजिटल कॅमेऱ्यात मात्र अतिप्रकाशित भाग कायमचे कोरे होतात, त्यामुळे मी सव्वा-दीड स्टॉपवर थांबतो आणि हिस्टोग्राम पाहून पुढचे ठरवतो.

निसर्गदृश्यासाठी एवढे पुरे. पण त्या बर्फावर मुले असतील तर खरी अडचण पुढेच आहे.

गेल्या फेब्रुवारीत मी आठ दिवस गुलमर्गला होतो. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे पठार. १९९८ मध्ये येथे गोंडोलाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २०२० मध्ये पहिले खेलो इंडिया हिवाळी खेळ येथेच झाले. मोठे स्कीपटू वर अफरवटच्या उतारांवर जातात. खालच्या सौम्य उतारांवर लहान मुलांचे शिकणे चालू असते. मी तेथेच रमलो. कानटोपी, त्यावर हेल्मेट, मान खाली, नजर स्कीच्या टोकांवर. अशा मुलाचा चेहरा सावलीत बुडालेला असतो आणि भोवती डोळे दिपवणारा पांढरा पसारा. मापकावर विसंबलो तर बर्फ करडा आणि चेहरा काळाकुट्ट. नाक, डोळे, भीती, हसू, काहीच उरत नाही. ज्या आईला हा फोटो पाठवायचा, तिला बर्फाचा पोत पाहायचा नसतो. दोहोंपैकी एक गमवायचेच असेल तर मी बर्फ गमावतो. निसर्गचित्रणाच्या शिस्तीत वाढलेल्यांना हे रुचणार नाही, पण माझे मत पक्के आहे.

सुदैवाने बर्फ स्वतःच मदतीला येतो. सूर्य मुलाच्या पाठीशी किंवा बाजूला ठेवला, तर समोरचा बर्फ खालून चेहऱ्यावर मऊ उजेड फेकतो. स्टुडिओत यासाठी पांढरा फलक धरावा लागतो. येथे अख्खे मैदानच फलक झालेले असते. शिवाय सूर्य समोर नसल्याने मुले डोळे बारीक करीत नाहीत. सकाळचे तिरपे ऊन असेल तर स्कीच्या खुणाही उठून दिसतात. सावल्या निळसर येतात, कारण त्यांच्यावर उजेड आकाशाचा असतो. तो निळेपणा मी पुसत नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. मूल उतरू लागते तेव्हा त्याच्यामागे बर्फ असतो. वळले की मागे गर्द झाडी येते. उजेड तोच, मूल तेच, पण मापकाचा काटा झोके घेतो आणि एकाच मालिकेतले फोटो कधी काळे, कधी फिके निघतात. म्हणून मी मॅन्युअलवर जातो. आपला तळहात मुलाच्या चेहऱ्यावर असेल त्याच उजेडात धरायचा, त्याचे मापन घ्यायचे आणि एक स्टॉप वाढवायचा. कारण तळहात मध्यम करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. मोबाईल असेल तर पडद्यावर मुलाच्या चेहऱ्यावर बोट दाबून मापन तेथेच कुलूपबंद करावे.

येथे जुन्या मंडळींचा एक आक्षेप येतो. फिल्मच्या पत्रिकेत साध्या उन्हाला एफ/१६ आणि बर्फाला एफ/२२, म्हणजे प्रकाश कमी करा, असे सांगत. मग वाढवायचा कसा? दोन्ही खरे आहे. पत्रिकेचा हिशेब उन्हापासून सुरू होतो, मापकाचा परावर्तित प्रकाशापासून. दोघांचे सल्ले एकत्र कालवले की घोटाळा होतो.

शिकाऊ मुले स्कीची पुढची टोके जवळ आणून नांगरासारखी उतरतात, त्यामुळे वेग बेताचा असतो. १/५०० सेकंद पुरते. आडव्या धावेला १/१००० हवे. मी वळणाची जागा हेरून तेथे फोकस ठरवून ठेवतो आणि वाटेच्या बाजूला, दिसेल असा, गुडघ्यांवर बसतो. उभ्याने काढले तर फक्त हेल्मेटे मिळतात. पडल्यानंतर मूल आजूबाजूला कोणी पाहिले का ते बघते, तो क्षण सोडू नये. बॅटरी थंडीत लवकर दम तोडते. दुसरी आतल्या खिशात ठेवावी. उबदार खोलीत शिरताना कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा, म्हणजे दव पिशवीवर धरते, भिंगावर नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, पण सराव अडत नाही. मिठागरात मिठाच्या ढिगाशी काम करणारी माणसे असतात. पालखीच्या वाटेवर पांढरे धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि उन्हाने रापलेला चेहरा असतो. गणित तेच. तळहात धरा, एक स्टॉप वाढवा, आणि टोपीखालचे डोळे दिसतात का ते पाहा.