पुठ्ठा, सोड्याची झाकणं आणि पावनखिंड : कमी खर्चातला चुंबकीय ट्रे



दिवाळीत आपल्या बारामती-इंदापूर भागात दारोदारी मातीचे किल्ले होतात. मुलं बुरूज बांधतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात. पण एकदा मांडलेला मावळा भाऊबीजेपर्यंत तिथून हलत नाही. इतिहासाच्या तासालाही असंच होतं. चौथीला 'शिवछत्रपती' शिकताना मुलं नावं आणि सन पाठ करतात, पण सैन्य कुठून निघालं आणि कुठे अडलं, हे काही त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही.

एका वर्षी मी पावनखिंड टेबलावर मांडली. मातीचा एकेक मावळा उचलून पुढे ठेवता ठेवता दोघे आडवे झाले, एकाची तलवार मोडली आणि तास संपला. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाईचे खेळ खेळणारे लोक परदेशात पुष्कळ आहेत. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकाने तर १९१३ साली अशा खेळाच्या नियमांचं 'लिटल वॉर्स' हे पुस्तकच लिहिलं. हे खेळाडू अख्खी तुकडी एकदम सरकवायला ट्रे वापरतात आणि सैनिक पडू नयेत म्हणून त्यात चुंबक बसवतात. तोच ट्रे आपण टाकाऊ वस्तूंपासून करू.

साहित्य

जाड पुठ्ठा, सोड्याच्या काचेच्या बाटल्यांची पत्र्याची १० झाकणं, फ्रीजच्या दाराचं जुनं रबर, आइस्क्रीमच्या काड्या, फेव्हिकॉल, एम-सील.

फ्रीजच्या रबराच्या आत काळपट रंगाची लवचिक चुंबकपट्टी असते. दार घट्ट बसतं ते तिच्यामुळेच. फ्रीज दुरुस्त करणारे जुनं रबर टाकून देतात. मला ते बारामतीच्या एका दुकानात फुकट मिळालं. पट्टी साध्या कात्रीने कापता येते.

कृती

१) पुठ्ठ्यावर सुमारे ५ सेंमी उंचीचे मावळे काढून, रंगवून कापून घ्या. मातीचे मावळे जड असतात, ही पट्टी त्यांना धरत नाही.

२) झाकण उताणं ठेवून त्यात एम-सील भरा आणि मावळ्याचे पाय रोवा. फेव्हिकॉल पत्र्याला नीट धरत नाही. एम-सील मोठ्यांनीच मळावं.

३) झाकण सुमारे ३ सेंमी रुंद असतं. एका रांगेत ५, अशा दोन रांगा लावायच्या, म्हणून ट्रे १६ × ७ सेंमी घ्या. हे माप मुलांनाच काढू द्या, गणिताचाही सराव होतो.

४) प्रत्येक रांगेखाली एक पट्टी चिकटवा. त्याआधी झाकण लावून बघा, पट्टीची एक बाजू जास्त ओढते. ती वर ठेवा.

५) वरून एकच पातळ कागद लावा. कडेला काड्यांची चौकट करा.

माझा पहिला ट्रे इथेच फसला होता. पट्टी दिसू नये म्हणून मी ती पुठ्ठ्याच्या खालून लावली आणि सगळे मावळे पडले. अंतर थोडं वाढलं तरी चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते. हा प्रयोग वर्गात जरूर घ्या. चुंबक आणि झाकण यांच्यामध्ये एकेक कागद वाढवत जा, कितव्या कागदाला झाकण सुटतं ते मुलांना मोजू द्या.

वर्गात वापर

आधी गोष्ट सांगा. पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा. जुलै १६६० मधल्या पावसाळी रात्री महाराज निसटून विशाळगडाकडे निघाले. मागे सिद्दी मसूदची फौज लागली. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे मोजक्या मावळ्यांनिशी उभे राहिले.

आता मातीचे दोन डोंगर करून मध्ये ५ सेंमीची खिंड ठेवा. मसूदची तुकडी ट्रेवर मांडा आणि मुलांना सरकवू द्या. मोकळ्या जागेत ट्रे सरसर जातो. खिंडीशी आला की अडतो. आडवा जात नाही, उभाही जात नाही. मुलं आपोआप सैनिक काढून एकामागे एक लावतात. मग विचारा, "पुढे लढतोय किती जण?" एक. "मागचे नऊ काय करतात?"

गेल्या वर्षी याचं उत्तर आमच्या वर्गात ऊसतोड कामगाराच्या मुलाने दिलं. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर आलेला, वाचायला अडखळणारा, मागे बसणारा. तो उठून म्हणाला, "बाई, पुलावर एक गाडी अडली की मागच्या समद्या गाड्या उभ्या ऱ्हात्यात. बैल कितीबी दांडगा असला तरी काय उपेग?" कारखान्याच्या वाटेवर कालव्याच्या अरुंद पुलाशी त्याने रोज पाहिलेलं ते दृश्य होतं. अख्ख्या वर्गाला खिंड त्याने समजावली. त्या दिवसापासून तो पुढच्या रांगेत बसायला लागला. हंगाम संपल्यावर तो गावी गेला. जाताना त्याने एक ट्रे मागितला, मी दिला.

लगेच एका मुलीने विचारलं, "जागाच अशी होती, तर मग पराक्रम कसला?" हा प्रश्न टाळू नका. मी तिला खिंडीच्या तोंडाशी एकच मावळा ठेवायला सांगितला आणि म्हटलं, "रात्रभर पावसात चालून आलेला हा माणूस. समोरचा एक पडला की दुसरा ताजा येतो. याच्या जागी कोण येतं?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "जागेनं वेळ दिला, पण उभं तर त्यांनाच राहायला लागलं." महाराज विशाळगडावर पोचल्याच्या तोफा होईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड सोडली नाही. तिथेच त्यांना वीरमरण आलं.

काळजी

बाजारात मिळणारे बारीक, ताकदवान गोल चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. एकापेक्षा जास्त गिळले गेले तर ते पोटात एकमेकांना ओढून आतड्याला इजा करतात. असं झालं तर वाट न बघता लगेच दवाखाना गाठा. झाकणांची दातेरी कडही बोटाला लागते, तिच्यावर चिकटपट्टी लावा.

पालकहो, यंदा अंगणात किल्ला कराल तेव्हा त्याला एक अरुंद वाट ठेवा आणि असा एक ट्रे करून द्या. मग मुलांना एवढंच विचारा, "आता फौज कुठून नेशील?"