यंत्राची निवड करणाऱ्या भाच्यास

चि. बाळ यास,


तुझे पत्र पावले. दादाने वापरून बाजूस ठेवलेला, आय-सेव्हन ७५००यू या प्रोसेसरचा लॅपटॉप पत्करावा, की पदरचे पैसे घालून आय-थ्री १२१०० या प्रोसेसरवर घरी नवा डेस्कटॉप जुळवून घ्यावा, हा तुझा पेच त्यात तू इत्यंभूत मांडला आहेस. सातापुढे तीन काय टिकणार, असा निकाल तुझ्या मित्रांनी एका वाक्यात देऊन टाकला असता त्यावर विसंबून न राहता तू मला विचारलेस, याचा मला मनापासून संतोष वाटला. कारण ज्या यंत्रावर तुझे अभ्यासक्रमातील प्रोग्राम चालायचे आणि उत्सवातील कीर्तनांची तू हौसेने केलेली चित्रमुद्रणे ज्यावर संपादित व्हायची, त्याच्या बिरुदाकडे पाहून भुलण्यापेक्षा त्याच्या अंगची कुवत तपासून घेण्याची वृत्ती या वयात असावी, असे मला फार वाटते.

प्रथम त्या बिरुदाविषयीच लिहितो. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही इंटेल कंपनीने बहाल केलेली मनसब त्या त्या पिढीपुरती आणि त्या त्या वर्गापुरतीच खरी असते; पिढी ओलांडली की तिचा अंमल संपतो. ७५००यू मधील पहिला सात हा सातव्या पिढीचा निदर्शक असून तो प्रोसेसर २०१६ सालचा आहे, तर १२१०० मधील बारा हा बाराव्या पिढीचा असून तो २०२२ च्या जानेवारीत जाहीर झाला. शेवटचे 'यू' हे अक्षर तर अंकांहूनही अधिक बोलके आहे, कारण ते अल्प विजेवर चालणाऱ्या, पातळ लॅपटॉपांसाठी घडविलेल्या वर्गाचे चिन्ह होय. त्याच सातव्या पिढीत आय-सेव्हन ७७००एचक्यू या लॅपटॉपच्याच प्रोसेसरला चार कोअर आणि ४५ वॅटची मुभा होती, आणि दादाच्या यंत्रातील त्याच्या नामबंधूला मात्र दोनच कोअर, चार थ्रेड आणि १५ वॅट. उलट तुझ्या मित्रांनी कनिष्ठ ठरविलेल्या १२१०० ला चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. तेव्हा सात आणि तीन यांची तुलना येथेच निकालात निघाली असे समज.

दुसरा भ्रम गिगाहर्ट्झचा. ७५००यू चा मूळ वेग २.७ आणि कमाल ३.५ गिगाहर्ट्झ, तर १२१०० चा मूळ ३.३ आणि कमाल ४.३, एवढेच पाहिले तर फरक पाव हिश्शाचा भासतो, आणि तेवढ्यासाठी नवा खर्च कशाला, असे कोणालाही वाटेल. परंतु एका सेकंदात ठोके किती पडले याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, प्रत्येक ठोक्यागणिक काम किती उरकले याला महत्त्व असते, हे या उद्योगाने फार मोठी किंमत देऊन शिकून घेतले आहे. २००४ साली पेंटियम फोरचा वेग ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत चढला, तो ४ वर नेण्याचा बेत उष्णतेपायी त्याच वर्षी रद्द करावा लागला, आणि २००६ साली आलेल्या कोअर टू ड्युओने अवघ्या अडीच-तीन गिगाहर्ट्झवर त्या पेंटियमला मागे टाकले.

तोच न्याय तुझ्या दोन उमेदवारांना लागू होतो. हाती घेतलेल्या परंतु अद्याप निकाली न निघालेल्या सूचनांची नोंद ठेवण्यासाठी ७५००यू च्या प्रत्येक कोअरजवळ २२४ जागा आहेत, १२१०० च्या कोअरजवळ ५१२. त्यामुळे एखादी सूचना रॅममधून माहिती येण्याची वाट पाहत अडून राहिली, तरी नवा प्रोसेसर तिच्या मागच्या कितीतरी सूचना दरम्यान उरकून घेतो. शिवाय दुसऱ्या पातळीची कॅश प्रत्येक कोअरमागे २५६ किलोबाइटवरून १.२५ मेगाबाइटवर आणि सर्वांची सामायिक कॅश ४ मेगाबाइटवरून १२ वर गेली असल्याने मुळात रॅमपर्यंत जाण्याचेच प्रसंग कमी येतात. परिणाम असा की, एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात नवा प्रोसेसर पावणेदोन ते दोन पट आणि सर्व कोअर एकदम राबतात अशा कामात तिपटीहूनही अधिक काम उरकतो. हे दोन आकडे निराळे का, हेही ध्यानात घे. एका पाट्यावर दोघींना वाटण वाटता येत नाही, तसा प्रोग्रामचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कोअर वाढवून लवकर होत नाही. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच हे गणिताने दाखवून दिले होते. म्हणून तुझे लेखन किंवा वेबपृष्ठांचे वाचन चौपट वेगाने होईल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

आता उष्णतेचा विचार, आणि येथे मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण लॅपटॉप व डेस्कटॉप यांच्यातील खरा भेद वयाचा नसून उष्णतेच्या जमाखर्चाचा आहे. प्रोसेसर जी वीज खातो ती जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. आणि ही वीज ठोक्यांच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते, व ठोके वाढवायचे तर व्होल्टेजही चढवावे लागते. याचा अर्थ, वेगाचा शेवटचा थोडासा हिस्सा मिळविण्यासाठी विजेची अतोनात उधळपट्टी करावी लागते. ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसतसे व्होल्टेजही उतरत जाईल आणि तेवढ्याच जागेतील उष्णता वाढणार नाही, हे रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली मांडलेले गणित तीन दशके उद्योगाला तारून नेत होते. ते २००५ च्या सुमारास थकले, आणि तेव्हापासून प्रत्येक प्रोसेसरच्या कर्तृत्वाची मर्यादा त्याच्या डोक्यावरील धातूचा हीटसिंक आणि पंखा ठरवू लागले.

दादाच्या लॅपटॉपमध्ये या कामासाठी काही मिलिमीटर जाडीची जागा आहे. १५ वॅट हा त्याचा दीर्घकाळचा शिधा. अल्पकाळ त्याहून अधिक वीज घेण्याची त्याला मुभा असते, पण या वर्गात ती मुदत सामान्यतः २८ सेकंदांची. म्हणून दुकानात उभ्याने पाहिले असता असा लॅपटॉप चपळ वाटतो, फाइल झटकन उघडते, आणि तू तासाभराचे कीर्तन रूपांतरासाठी लावलेस की अर्ध्या मिनिटातच तो आपला वेग उतरवून घेतो. तीच कंपनी, तोच प्रोसेसर, पण लॅपटॉप बनविणाऱ्याने हीच मर्यादा २५ वॅटवर नेण्याची किंवा ७.५ वर आणण्याची सोय इंटेलने ठेवलेली आहे. त्यामुळे एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांत मोठे अंतर पडू शकते. त्यातच इतक्या वर्षांत पंख्यात साचलेली धूळ आणि सुकलेली थर्मल पेस्ट यांनी उरलासुरला शिधाही कमी केलेला असतो. १२१०० ला मात्र ६० वॅट अखंड आणि गरजेनुसार ८९ वॅटपर्यंत घेण्याची परवानगी आहे, आणि खोक्यातून येणारा साधा पंखासुद्धा ती उष्णता मोकळ्या पेटीतून बाहेर टाकण्यास पुरेसा असतो. म्हणून तासाभराच्या अखेरीसही त्याचा वेग जवळपास तोच राहतो.

बिल वाढेल, अशी शंका ताईने काढली असेल, तर तिला एवढे सांग: १५ च्या जागी ६० वॅट म्हणजे चौपट वीज खरी, पण काम तिपटीहून लवकर संपते, तेव्हा प्रोसेसरपुरते पाहिले तर एका कीर्तनामागे लागणारी वीज दोहोंकडे फारशी निराळी निघत नाही.

लॅपटॉपची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. भारनियमनाच्या वेळी तो आपल्या बॅटरीवर निमूटपणे चालत राहतो, आणि तो काखोटीस मारून कुठेही नेता येतो. तू वसतिगृहात राहणार असतास तर मी दुसरे काहीच सुचविले नसते. पण तुझे कॉलेज घरापासून जवळ, संपादनाचे काम रात्री घरीच, आणि लॅपटॉपचा प्रोसेसर मदरबोर्डाला कायमचा डाखलेला, म्हणजे पुढे तो बदलणे नाही. त्यात आणखी एक अडचण अशी की, विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत इंटेलची आठवी पिढी व तिच्या पुढच्याच पिढ्या सामान्यतः बसतात. ७५००यू तीत नाही. २०१८ च्या जानेवारीत उघडकीस आलेला मेल्टडाउन हा दोषही सातव्या पिढीत सॉफ्टवेअरच्या ठिगळाने झाकावा लागतो व त्यापायी काही वेग गमवावा लागतो, तो बाराव्या पिढीत मुळातूनच दूर झाला आहे.

यास्तव माझे मत स्पष्ट आहे: डेस्कटॉप घे. घेताना १२१००एफ ही आवृत्ती थोड्या पैशांच्या मोहाने घेऊ नकोस, कारण 'एफ'मध्ये चित्रविभागच नसतो. वेगळे ग्राफिक कार्ड घेतल्याशिवाय पडद्यावर काही दिसणार नाही, आणि क्विक सिंक ही व्हिडिओच्या रूपांतरासाठी असलेली सोयही हातची जाईल. मोबाइलवर पाठवायच्या प्रती क्विक सिंकने झटपट काढाव्यात. जपून ठेवायची प्रत मात्र प्रोसेसरवर सावकाश काढावी, तेवढ्याच आकारात चित्र अधिक चांगले राहते. रॅमची एक मोठी पट्टी न घेता आठ-आठ गिगाबाइटच्या दोन घे. मदरबोर्ड एलजीए १७०० सॉकेटचा असल्याने बायॉस अद्ययावत करून त्यावर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर बसविता येतो, ही पुढची तजवीज. एस.एम.पी.एस. हलक्या प्रतीचा नको. आणि यू.पी.एस. मात्र पहिल्याच दिवशी घे. वीज गेली असता चालू काम जतन करण्यास मिळणारी ती काही मिनिटे तुझ्या तासांच्या श्रमांचे रक्षण करतील.

दादाचा लॅपटॉप परत करू नकोस. त्यात एसएसडी नसेल तर बसवून घे, थर्मल पेस्ट बदलून घे, त्यावर लिनक्स घाल आणि कॉलेजात टिपणे व लहान प्रोग्राम लिहिण्यासाठी तो वापर. या कामांना तो अजून उत्तम पुरेल.

खरेदीस निघण्यापूर्वी मात्र एक रुजुवात स्वतः करून पाहा. त्या लॅपटॉपवर एखादे पूर्ण कीर्तन रूपांतरास लाव, आणि पहिल्या मिनिटाला, दहाव्या मिनिटाला व अखेरीस प्रोसेसरचा वेग आणि तापमान किती होते ते कागदावर टिपून मला पाठव. आकडे आले की मदरबोर्डाची निवड आपण फोनवर बोलून ठरवू. ताईस व तुझ्या वडिलांस माझा सा. नमस्कार सांग.

तुझा,
मामा